थंड, ओल्या हवेत भूमध्य मेपल: सुरुवात कुठून करायची?

स्वागत! पहिलं झाड म्हणून माँपेलिए मेपलच घ्या (एसर मोन्स्पेसुलॅनम). ग्रीसच्या क्रीट बेटाचा मेपल देखणा आहे, पण फारच सावकाश वाढतो. तो पुढे बघू.

या झाडांना थंडीपेक्षा हिवाळ्यात मुळाशी साचलेलं पाणी जास्त घातक. मूळची ती चुनखडीच्या खडकाळ उतारांवरची. म्हणून उंचवट्यावर, भरपूर उन्हात लावा. चिकणमातीत खड्डा खणून नुसती खडी भरू नका, त्याची विहीर होते. मी हा उद्योग केलाय. दोन रोपं कुजली.

बियांचं म्हणाल तर मेपलच्या बीला पंखासारखी पातळ पाती असते, पण ती दिसली म्हणजे आत दाणा असेलच असं नाही, पुष्कळ पोकळ निघतात. आधी चार-पाच कापून बघा. मग ओलसर (चिंब नव्हे!) वाळूत मिसळून साधारण ४ अंशांवर ३ महिने फ्रिजमध्ये ठेवा आणि नंतर कुंडीत पेरा. काही बिया दुसऱ्या वसंतातच उगवतात, त्यामुळे कुंडी लगेच रिकामी करू नका.

नेहमीच्या दोन चुका:
- इवल्या रोपाला मोठी कुंडी. माती सुकतच नाही.
- उन्हाळ्याच्या शेवटी खत. कोवळी फूट येते आणि पहिल्या हिमात करपते.

फांद्या रुजवणं, कलमं वगैरेंच्या नादी सध्या लागू नका.