पॉलिसी परत करा, मुंबईचं तिकीट काढा

प्रश्न : सोलापुरात टॉवेल कारखान्यात हिशेबनीस आहे, पगार ३२,०००. मुलगी १३ वर्षांची. तिच्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार संपून चार वर्षं झाली. शिक्षणासाठी तिच्याच जिवावर पॉलिसी घेतली, २० दिवसांपूर्वी हातात आली. वर्षाला ६०,००० असे १२ वर्षं भरायचे, १५ वर्षांनी १० लाख. पुढचे हप्ते पीपीएफमधून काढून भरू का? एजंट म्हणाला, फॉर्मवर आजार लिहू नका, तीन वर्षं तपासणीचे कागदही होऊ देऊ नका. म्हणून यंदा मुंबईला नेलं नाही, ९,००० वाचले.

उत्तर : पीपीएफला हात लावू नका. ७.२ लाख भरून १५ वर्षांनी १० लाख, म्हणजे वर्षाला जेमतेम साडेतीन टक्के. तेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी १४ लाखांवर जातात. शिवाय तेव्हा मुलगी २८ वर्षांची असेल. कॉलेजची फी अठराव्या वर्षी लागते.

खरी चूक ते ९,००० वाचवण्यात झाली. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे आजार दडवला म्हणून कंपनी पहिल्या तीन वर्षांत पॉलिसी रद्द करू शकते. एजंटची तीन वर्षं तिथूनच आली. त्याचं कमिशन टिकावं म्हणून तुमच्या लेकीची तपासणी थांबली, याचा मला फार राग आला.

उपचार संपले तरी औषधांचा परिणाम संपत नाही. ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, दिलं असेल तर हृदयावरचा परिणाम कित्येक वर्षांनीही दिसू शकतो. मुलगी हसत-खेळत असते आणि तो आधी इकोतच (हृदयाच्या सोनोग्राफीत) सापडतो. उंची, पाळी, थायरॉइड हेही याच वयात बघावं लागतं. टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे, ते काही उगाच नाही.

पॉलिसी ३० दिवसांत परत करता येते. तुमच्याकडे दहा दिवस आहेत. एजंटला मध्ये न घेता स्वतः शाखेत अर्ज द्या, शिक्क्याची प्रत घ्या. थोडी कपात होऊन पैसे परत मिळतील. घर तुमच्या पगारावर चालतं, तेव्हा विमा तुमच्या जिवावर हवा : ५० लाखांचा साधा टर्म (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा), आणि फॉर्मवर सगळं खरं. उरलेले पीपीएफमध्ये.

९,००० दरवर्षी आधी बाजूला काढा. रुग्णालयाचा सवलतीचा फॉर्म भरून घेतलात तर तपासणीच्या प्रवासाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीत तिचं तिकीट पूर्ण माफ होतं, सोबत्याला ७५ टक्के सूट. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालात की सकाळी मुंबईत. कोणतं औषध किती दिलं हे डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या. पुढे आयुष्यभर तिला कुठल्याही डॉक्टरला तो दाखवावा लागेल.