टी, बी, एनके मिळून शंभर का भरत नाहीत?

प्रश्न: लातूरला एम.एस्सी. करतेय. सध्या छत्रपती संभाजीनगरला फ्लो सायटोमेट्रीचं (रंगीत अँटिबॉडी लावून लेझरने पेशी ओळखायचं, मोजायचं तंत्र) प्रात्यक्षिक प्रशिक्षण सुरू आहे. लिम्फोसाइटचं (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) गेट, म्हणजे प्लॉटवरची हद्द, एफएससी-एसएससीवर (पेशीचा आकार आणि आतला कणीदारपणा) काढते; टी, बी आणि एनके या लिम्फोसाइटच्या तीन प्रकारांची बेरीज ८२ टक्क्यांवरच अडते. कॉम्पेन्सेशन (एका रंगाचा प्रकाश दुसऱ्यात मिसळतो तो वजा करणं) तीनदा केलं. मशीनमध्ये दोष असेल का?

उत्तर: मशीनला आणि कॉम्पेन्सेशनला तूर्त हात लावू नका. बेरीज ९५ ते १०५ हवी. कमी भरते तेव्हा गेटात बहुधा लिम्फोसाइट नसलेलं काहीतरी घुसलेलं असतं. न फुटलेल्या लाल पेशी एफएससी-एसएससीवर लिम्फोसाइटच्याच घोळक्यात मिसळतात. सीडी४५ (पांढऱ्या पेशींवरचं प्रथिन) विरुद्ध एसएससी प्लॉट लावा. लिम्फोसाइट ठळक सीडी४५ आणि कमी एसएससीवर दिसतील. लाल पेशींवर सीडी४५ नसतोच, त्या आपोआप बाहेर राहतात.

आता ट्यूबकडे. रक्त १०० मायक्रोलिटर, अँटिबॉडी, अंधारात १५-२० मिनिटं. मग १एक्स (वापरायच्या तीव्रतेचं) लाइसिंग सोल्यूशन, म्हणजे लाल पेशी फोडणारं द्रावण, २ मिली, १० मिनिटं. १०एक्सचं (दहापट तीव्र) १एक्स करताना डिस्टिल्ड वॉटरच घ्या. पीबीएस (मिठाचं बफर द्रावण) घातलं तर त्यातल्या मिठामुळे लाल पेशी फुटत नाहीत, आणि ही चूक दर बॅचमध्ये कुणीतरी करतंच. सोल्यूशन फ्रिजमधून काढून थेट ओतू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. दहा मिनिटांनी ट्यूबमागे छापील कागद धरा: अक्षरं वाचता आली तर लाल पेशी फुटल्या, गढूळ दिसलं तर नाही. त्यानंतर सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जी, ५ मिनिटं. पीबीएसने एक वॉश. ५०० मायक्रोलिटरमध्ये पेलेट (तळाशी बसलेल्या पेशी) मोकळा करा.

एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. रक्त टाकताना ट्यूबच्या भिंतीला थेंब चिकटतो. त्याला अँटिबॉडी लागत नाही, पण लाइसिंग ओतताच तो खाली उतरतो. त्यातल्या पांढऱ्या पेशी सगळ्याच रंगांत कोऱ्या दिसतात आणि बेरीज खाली ओढतात. टिप बाहेरून पुसा, थेट तळाशी न्या. तरीही थेंब लागलाच तर कापसाच्या काडीने टिपून घ्या.

सीडी४ टी पेशी मोजताना आधी सीडी३ (टी पेशींची खूण) घ्या. मोनोसाइटवरही (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मंद सीडी४ असतो.

प्रश्न: परभणीहून मे महिन्यात एसटीने रक्ताचा नमुना पाठवायचाय. बर्फात ठेवू?

उत्तर: नको. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेलं रक्त २० ते २५ अंशांत राहायला हवं. थर्माकोलच्या डब्यात जेलपॅक ठेवा, पण ट्यूब आणि पॅकमध्ये वर्तमानपत्राचा जाड थर हवा. डबा बसच्या टपावर किंवा इंजिनाजवळ नको. २४ तासांच्या आत अँटिबॉडीने रंगवा.