एकच स्टेडियम आणि वापरणारे अनेक: गोलसमोरचं गवत कसं टिकवायचं?

तुमचा प्रश्न असा: छोट्या शहरातल्या एकुलत्या एका स्टेडियमवर शाळा, क्लब, धावपटू सगळेच येतात आणि अर्धा हंगाम सरत नाही तोच फुटबॉलच्या गोलसमोर नुसती माती उरते. खत वाढवावं का?

नको. गवत उपाशी नाही, तुडवलं जातंय. नैसर्गिक गवत ढोबळमानाने आठवड्याला ६ ते ८ तासांचा खेळ सोसतं. रोज दोन तासांचा सराव म्हणजे १४ तास झाले, सामने वेगळेच. आधी एका वहीत कोण किती तास येतं ते मांडा. भांडणं तिथेच निम्मी होतील.

मग सराव आडवा घ्या. १०५ × ६८ मीटरच्या मैदानात ६० × ४५ मीटरची दोन छोटी मैदानं आडवी बसतात. हलते गोल बाजूरेषांकडे गेले की सगळ्यात जास्त पाय पडतात ते एरवी कोऱ्या राहणाऱ्या गवतावर. गोलकीपरचा सराव मोठ्या गोलसमोर अजिबात नको, मैदानाबाहेर घ्या. हलत्या गोलच्या मागच्या दांडीवर वाळूची पोती हवीतच. पोरं आडव्या दांडीला लोंबकळतात आणि गोल अंगावर येतो.

जमीन दगड झाली असेल तर बागेतला दातेरी काटा १० सेंटिमीटर खोल खुपसून किंचित मागे रेला, वीतभर अंतराने पुन्हा. भोकांत कोरडी वाळू भरा. ती चिकणमातीत कालवू मात्र नका. थोड्या वाळूने माती मोकळी होण्याऐवजी आणखीच घट्ट बसते.

पावसात टाच दाबून पाहा. बुटाभोवती पाणी वर आलं तर सामना पुढे ढकला, पाहुणा संघ कितीही कुरकुरला तरी.

आता धावपटू. ४०० मीटरच्या प्रमाणित ट्रॅकच्या आतल्या कडेची त्रिज्या ३६.५ मीटर, सरळ भाग ८४.३९ मीटर. त्यात पूर्ण मापाचं मैदान बसवलं की कॉर्नरच्या झेंड्यापासून ट्रॅक जेमतेम एक मीटरवर येतो. तिथे सिमेंटची कड ठेवली तर घसरणाऱ्या विंगरचा (बाजूरेषेलगत धावणाऱ्या खेळाडूचा) घोटा गेलाच म्हणून समजा. मैदान ९८ × ६४ मीटरवर आणा, नियमात बसतं. भालाफेक वेगळ्या वारी.

आणि रेषांना चुन्याची फक्की वापरत असाल तर थांबवा. ओल्या अंगाला आणि डोळ्यांना चुना भाजतो. खडूची भुकटी किंवा पाण्यात कालवायचा रंग घ्या.