२५ तारखेला लंडनमध्ये उतरू नका

तुम्ही लिहिलंत की नोकरी जानेवारीत सुरू होतेय, बरोबर पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी आहे, आणि २५ डिसेंबरला सकाळी हीथ्रोला पोचणारं तिकीट सगळ्यात स्वस्त मिळतंय. ‘म्हणजे ऐन ख्रिसमसच्या दिवशीच लंडन बघायला मिळेल, तर काय काय करावं?’ असं विचारलंत. सगळं सविस्तर सांगते, पण आधी एक विनंती: ते तिकीट काढू नका. कंपनीशी बोलून जमत असेल तर डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच या.

लंडनचा ख्रिसमस रस्त्यावर असतो तो २४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत. २५ला तो घरात जातो. त्या दिवशी ट्यूब (भुयारी रेल्वे) नाही, लाल बस नाही, रेल्वेही नाही. विमानतळावरून निघायचं तर महागडी टॅक्सी, नाहीतर मोजक्या कोच (लांब पल्ल्याच्या बस). २००४ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना त्या दिवशी उघडायला मनाई आहे. भाड्याच्या घराची किल्ली देणारा माणूस सुट्टीवर असतो. २६ला, म्हणजे बॉक्सिंग डेलाही सुट्टीच, आणि हे दिवस शनिवार-रविवारला आले तर बदली सुट्टी पुढच्या वारांवर जाते. लहान मुलीला घेऊन अशा शहरात पहिलं पाऊल टाकायचं नाही.

हे मी अनुभवाने सांगतेय. आम्ही दोघं आलो ते २४च्या रात्री. दुसऱ्या दिवशी घरात मीठसुद्धा नव्हतं. कोपऱ्यावरचं एक छोटं दुकान उघडं होतं, तिथून पाव, अंडी आणि दूध आणलं. मग करायला काहीच नाही म्हणून दक्षिण लंडनमधल्या एलिफंट अँड कॅसलहून चालत निघालो. वेस्टमिन्स्टर ब्रिजवर एरवी पाय ठेवायला जागा नसते. त्या दुपारी आमच्या पावलांचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. ट्रफाल्गर स्क्वेअरला पोचलो तर त्या एवढ्या मोठ्या झाडाखाली दहा-बारा माणसं. मला फार सुंदर वाटलं आणि त्याच वेळी फार एकटं वाटलं. महिनाभर आधी आलो असतो तर याच झाडाखाली गाणी ऐकली असती, हे नंतर कळलं.

म्हणून सुरुवात त्या झाडापासूनच करा. ते नॉर्वेतून येतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने दिलेल्या साथीबद्दल कृतज्ञता म्हणून ऑस्लो शहर १९४७ पासून दरवर्षी एक स्प्रूस लंडनला भेट देतं. झाड वीस मीटरपेक्षा उंच आणि साधारण पन्नास-साठ वर्षं वाढलेलं असतं. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी त्याचे दिवे लागतात. दिवे नॉर्वेच्या पद्धतीने सरळ उभ्या ओळींत सोडलेले असतात, त्यामुळे गुंडाळलेल्या माळांची सवय असलेल्यांना ते साधं वाटतं. काहीजण दरवर्षी नावंही ठेवतात. मला तो साधेपणाच आवडतो. त्यानंतर ख्रिसमसच्या आधीच्या दिवसांत वेगवेगळे गट झाडाखाली उभे राहून कॅरल, म्हणजे ख्रिसमसची गाणी, गातात आणि कुठल्या ना कुठल्या संस्थेसाठी पैसे गोळा करतात. तिकीट नाही. मुलीच्या हातात एक नाणं द्या आणि डब्यात तिलाच टाकू द्या.

रोषणाई नोव्हेंबरातच सुरू होते. रीजंट स्ट्रीटवर १९५४ पासून आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १९५९ पासून ही परंपरा आहे. रीजंट स्ट्रीटवर डोक्यावर पंख पसरलेल्या देवदूतांची रांग दिसते ती चुकवू नका. पण शनिवारी संध्याकाळी तिथे जाऊ नका, मूल गर्दीत घुसमटतं. डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो, त्याचा फायदा घ्या: मंगळवारी किंवा बुधवारी साडेचारला डबल-डेकर बसच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट पकडा. प्रौढांना फक्त बसभाडं, लहान मुलांना फुकट, आणि दिवे अगदी डोळ्यांसमोर. वाटेत उतरून कॉव्हेंट गार्डन हा जुना बाजारचौक चालत बघता येतो.

कॅरलसाठी सेंट पॉल्स कॅथीड्रल अप्रतिम आहे, पण तिथे थंडीत लांब रांग लावावी लागते. पहिल्या वर्षी तुम्ही राहाल त्या भागातल्या चर्चमध्ये जा, मी हेच सुचवेन. डिसेंबरात जवळपास प्रत्येक चर्चच्या दारावर कॅरल सर्व्हिसची तारीख लावलेली असते. ख्रिस्ती नसलात तरी कोणी विचारत नाही, आत गेल्यावर हातात शब्दांचा कागद देतात. बऱ्याच ठिकाणी बायबलमधली नऊ वाचनं आणि मधे मधे गाणी अशी रचना असते; ही पद्धत १८८० मध्ये कॉर्नवॉलमधल्या ट्रुरोला सुरू झाली. शेवटी बहुधा ‘मिन्स पाय’ नावाचा छोटा गोड पदार्थ मिळतो. नावात मिन्स (खिमा) असलं तरी आत सुकामेवा आणि मसाले असतात, मांस नाही. मात्र शाकाहारी असाल तर चरबी कुठली वापरलीय ते विचारा, काही ठिकाणी प्राण्यांची असते. शेजारी कोण राहतं हे आम्हाला अशाच एका संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.

आता मुलीसाठी सगळ्यात महत्त्वाचं: पँटोमाइम. नाव ऐकून मूकनाट्य वाटेल, तर अगदी उलट. परीकथेतली गोष्ट, गाणी, बाई झालेला धिप्पाड पुरुष नट, आणि प्रेक्षकांनी ओरडायचंच असा नियम. खलनायक मागून आला की सगळं थिएटर ‘तो तुझ्या मागे आहे!’ म्हणून किंचाळतं. आमच्या मुलीला नेलं तेव्हा ती सहा वर्षांचीच होती आणि इंग्रजी बोलायला लाजायची. मध्यंतरापर्यंत ती खुर्चीवर उभी राहून ओरडत होती. जानेवारीत शाळा सुरू झाली तेव्हा वर्गातल्या मुलांशी बोलायला तिच्याकडे तो एक विषय तयार होता. वेस्ट एंड या नाट्यगृहांच्या भागातल्या पलेडियम थिएटरचा शो झगमगीत असतो पण महाग, आणि त्यातले काही विनोद मुलांसाठी नसतात. मी हॅकनी एम्पायर निवडेन. ते १९०१ चं जुनं थिएटर आहे आणि तिथे आजूबाजूच्या वस्तीतली कुटुंबं येतात. तिकिटं लवकर संपतात, तारीख ठरली की हे काम पहिलं करा.

हाइड पार्कमधली विंटर वंडरलँड ही जत्रा मुलं बघतातच, पण आत प्रत्येक पाळण्याचे वेगळे पैसे पडतात. एकदा, आठवड्यातल्या सकाळी, खर्चाची मर्यादा ठरवून जा. क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानातली दिव्यांची वाट त्यापेक्षा कितीतरी शांत आहे. सॉमरसेट हाउसच्या चौकात बर्फावर स्केटिंग करता येतं. स्वतः केलं नाही तरी कठड्याशी उभं राहून बघायला छान वाटतं. आणि बर्फ पडेल अशी मुलीला आशा लावू नका. बहुतेक डिसेंबर पावसाचे असतात, त्यामुळे लोकरीपेक्षा पाणी न शिरणारे बूट जास्त कामाला येतात.

आणि २५? तोवर तुम्ही इथे रुळलेले असलात तर तो दिवसही सुंदर आहे. २३ लाच सामान भरून ठेवा. हाइड पार्कपर्यंत चालत जाता येत असेल तर सकाळी नऊला सर्पेंटाइन तळ्यावर पोचा. तिथल्या पोहण्याच्या क्लबची ख्रिसमसची शर्यत १८६४ पासून चालत आलीय, आणि १९०४ मध्ये ‘पीटर पॅन’चे लेखक जे. एम. बॅरी यांनी तिला कप दिला, तेव्हापासून तिला पीटर पॅन कप म्हणतात. गोठवणाऱ्या पाण्यात शंभर यार्ड. पोहतात फक्त सभासद, पण काठावरून टाळ्या कोणीही वाजवाव्यात. दुपारी तीनला राजाचं भाषण लागतं, १९३२ मध्ये पाचव्या जॉर्जने रेडिओवर सुरू केलेली प्रथा. कोणी सहकाऱ्याने जेवायला बोलावलं तर संकोच करू नका. टेबलावर कागदी क्रॅकर असतील, ते दोघांनी दोन टोकांना धरून ओढायचे आणि आतला कागदी मुकुट जेवण होईपर्यंत डोक्यावर ठेवायचा. हे क्रॅकर लंडनच्याच टॉम स्मिथ नावाच्या मिठाईवाल्याने १८४० च्या दशकात काढले.

कोणी बोलावलं नाही तर? आमच्या दुसऱ्या ख्रिसमसला आम्ही ‘क्रायसिस’ या संस्थेसाठी काम केलं. बेघरांसाठी ती ख्रिसमसच्या दिवसांत केंद्रं चालवते; स्वयंसेवकांची नावं काही आठवडे आधीच घेतात. मी दिवसभर चहा दिला. आदल्या वर्षी त्या झाडाखाली जे एकटेपण वाटलं होतं ते त्या दिवशी एकदाही वाटलं नाही.

तारखा बदलता येत नसतील तर निदान २३च्या दुपारपर्यंत पोचा, किंवा सरळ २७ नंतर या. दिवे नव्या वर्षापर्यंत असतात, ट्रफाल्गरचं झाड साधारण ६ जानेवारीपर्यंत, आणि पँटोमाइमही जानेवारीच्या पहिल्या दिवसांत चालू असतो.

तारीख पक्की झाली की कळवा. आमच्या मुलीचा ती सहा वर्षांची असतानाचा जाड कोट कपाटात तसाच आहे, तिच्यासाठी नवा घेऊ नका.