गोळी कधी सुरू झाली?

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा वाचलं. औषधांच्या दुष्परिणामांच्या वहीचे फोटोही पाहिले. अक्षर सुरेख आहे, शाई तीन रंगांची आहे आणि प्रत्येक औषधाखाली मळमळ, डोकेदुखी, चक्कर, पुरळ आहे. 'पाठ होतं आणि आठवड्यात उडून जातं' असं तू लिहिलंस. उडणारच, माझंही उडायचं. जी मळमळ शंभर औषधांखाली लिहिली आहे, ती लक्षात ठेवून एका औषधाला दुसऱ्यापासून ओळखायचं कसं?

मूळ अडचण मात्र वेगळी आहे. पुस्तक औषधापासून सुरू होतं आणि परिणामापाशी थांबतं. माणूस उलट्या बाजूने येतो. तो म्हणतो, 'तीन महिने कोरडा खोकला आहे, दोन सिरप संपली, एक्स-रे झाला.' एनालाप्रिल या बीपीच्या गोळीने खोकला येतो हे तुला परीक्षेत येतं, पण समोर खोकला बसला की सुचत नाही. खोकला म्हटलं की डोक्यात दमा, क्षय, आम्लपित्त येतात. गोळी त्या रांगेत नसतेच. म्हणून वही उलटी कर. पानाच्या माथ्यावर तक्रार आणि खाली तिला कारण होणारी औषधं. घोटे सुजलेत: बीपीचं अम्लोडिपिन, मधुमेहाचं पायोग्लिटाझोन. सोडियम उतरलंय: लघवी वाढवणारं थायझाइड, नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्या. पोटॅशियम चढलंय: स्पायरोनोलॅक्टोन, एसीई इनहिबिटर (एनालाप्रिलच्या जातीच्या बीपीच्या गोळ्या) आणि हमखास विसरलं जाणारं को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक. चालणं मंदावलंय, चेहरा निर्विकार झालाय: पार्किन्सनचं निदान लिहिण्याआधी उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड किंवा चक्करेवरचं सिनारिझिन चालू आहे का ते विचार. अशी तीसेक पानं झाली तरी पुष्कळ.

माझीच चूक सांगतो. निवासी डॉक्टर होतो, दुसरं वर्ष. एका आजींना बीपीसाठी अम्लोडिपिन दिलं, ५ मिलिग्रॅमने भागेना म्हणून १० केलं. महिन्याभराने घोटे सुजले. हृदय पाहिलं, लघवीतली प्रथिनं पाहिली, काही निघालं नाही, तरी मी फ्युरोसेमाइड ही लघवी वाढवणारी गोळी लिहून मोकळा झालो. सूज तसूभर हलली नाही. हलणार कशी? अम्लोडिपिनने केशवाहिन्यांच्या अलीकडची धमनिका सैल पडते, पलीकडची शीर तेवढी सैलावत नाही, मधे दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. अंगात पाणी जास्त झालेलंच नव्हतं. फ्युरोसेमाइडने युरिक अ‍ॅसिड मात्र वाढलं आणि पायाचा अंगठा लालबुंद झाला. त्यावर कुणीतरी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलं. त्याने बीपी वर गेलं, क्रिएटिनिनही चढलं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आला. बीपीसाठी आणखी एक गोळी लिहायला मी पेन उघडलं, तेव्हा आजींनी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि विचारलं, 'डॉक्टर, यातल्या माझ्या आजाराच्या कुठल्या आणि गोळ्यांच्या आजाराच्या कुठल्या?'

पट्ट्या रबरबँडने बांधलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर सुरू केल्याची तारीख पेनाने घातलेली होती. त्या मी ओळीने मांडल्या, शेजारी तक्रारींच्या तारखा लिहिल्या. सगळी गोष्ट एका कागदावर दिसली. डायक्लोफेनॅक आणि फ्युरोसेमाइड बंद केलं, अम्लोडिपिन निम्म्यावर आणलं, बीपीसाठी टेल्मिसार्टन जोडलं. तीन आठवड्यांनी घोट्याचं हाड पुन्हा दिसायला लागलं. एका गोळीच्या दुष्परिणामावर दुसरी, तिच्यावर तिसरी, अशा साखळीला प्रिस्क्रायबिंग कॅस्केड म्हणतात हे मला नंतर कळलं. त्या दिवसापासून नवी तक्रार आली की मी आधी विचारतो, गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठली गोळी सुरू झाली, कुठली वाढली, आणि कुठली बंद झाली.

हा 'बंद झाली'चा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. दोन औषधांची गाठ एकत्र दिल्यावर पडते एवढं सगळ्यांना माहीत असतं. सोडवताना काय होतं याकडे लक्ष नसतं. रक्त गोठू न देणारं वॉर्फरिन घेणाऱ्या माणसाला क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन सुरू झालं असं धर. रिफाम्पिसिन यकृताला वॉर्फरिन मोडणारी विकरं (एन्झाइम) जास्त बनवायला लावतं. विकरं नव्याने घडायची असतात, म्हणून परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे जातात. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) घसरतो, तू वॉर्फरिन दुप्पट-तिप्पट करतेस, गाडी रुळावर येते. काही महिन्यांनी क्षयाचा कोर्स संपतो, सगळे खूश. जास्तीची विकरं हळूहळू ओसरतात, वॉर्फरिनचा डोस मात्र तसाच. दोन-तीन आठवड्यांनी हिरड्यांतून रक्त येतं, आणि त्या दिवशीच्या यादीत रिफाम्पिसिनचं नावही नसतं.

विकर अडवणारी औषधं मात्र एवढा वेळ घेत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक एक-दोन दिवसांतच विकराची वाट बुजवतं. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्याला ते दिलं तर रक्तातलं सिमव्हास्टॅटिन कित्येक पटींनी वाढतं आणि स्नायू विरघळायला लागू शकतात. लघवी काळपट झाली की समजावं. वाढवणारं हळू, अडवणारं झटपट: एवढं डोक्यात बसलं की रक्ततपासणी पुन्हा कधी करायची हे तुझं तुलाच ठरवता येईल. आतड्याच्या भिंतीतही हेच विकर असतं. १९८९ साली कॅनडात फेलोडिपिन हे बीपीचं औषध आणि मद्य यांचा अभ्यास चालू होता. मद्याची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि फेलोडिपिनची पातळी अपेक्षेपेक्षा भलतीच वर गेली. गुन्हेगार रस निघाला. (परीक्षेत हे विचारत नाहीत, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

सगळ्याच गाठी यकृतात पडत नाहीत. लोह किंवा कॅल्शियमबरोबर थायरॉइडची गोळी थायरॉक्सिन घेतली तर ती पोटातच अडकते. चार तासांचं अंतर ठेवलं की झालं. मूत्रपिंडात आत येणारी रक्तवाहिनी प्रोस्टाग्लँडिन उघडी ठेवतं, बाहेर जाणारी अँजिओटेन्सिन आवळून धरतं, आणि त्या ओढाताणीवर गाळण्याचा दाब टिकतो. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकाने पहिली अरुंद होते, एसीई इनहिबिटरने दुसरी सैल पडते, आणि मूत्रल (लघवी वाढवणाऱ्या) गोळीने वाहणारं रक्तच कमी झालेलं असतं. अशा माणसाला दोन दिवस जुलाब झाले की पुढचं तुला दिसतंच.

मोबाइलवरची अ‍ॅप वापर, पण ती दहा सूचना देतात आणि त्यातल्या आठ निरुपद्रवी असतात, त्यामुळे उरलेल्या दोनही नजरेआड होतात. ज्या औषधांचा उपयोगी डोस आणि विषारी डोस यांच्यात फार जागा नसते, तिथे प्रत्येक सूचना वाच: वॉर्फरिन, डिगॉक्सिन, लिथियम, फेनिटॉइन, मेथोट्रेक्सेट, थिओफिलिन, सायक्लोस्पोरिन.

आणि 'काही औषध चालू आहे का?' असं विचारू नकोस. लोक 'नाही' म्हणतात आणि खोटंही बोलत नसतात. डोळ्यांतले थेंब, गर्भनिरोधक गोळी, झोपेची अर्धी गोळी, गुडघ्यासाठी स्वतःच आणलेली वेदनाशामक, जडीबुटीची पावडर यांना ते औषध मानत नाहीत. काचबिंदूसाठीच्या टिमोलॉलचा थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो, यकृताला वळसा घालून थेट रक्तात जातो आणि दमेकऱ्याला धाप लावतो. तू इनहेलर वाढवत राहतेस, आणि बाटली त्याच्या खिशात असते.

पुढच्या पत्रात 'चक्कर' हे पान पाठव. एकच रंग चालेल. रात्री उठल्यावर येणारी आणि जेवायला उशीर झाल्यावर येणारी, असे दोन भाग मात्र वेगळे कर.

तुझा,
सर