गडचिरोलीच्या संघर्षात वाढलेली मुले आता सावरतील का?

नक्षलवाद ओसरत असताना त्या भागातील मुलांच्या मनावर काय परिणाम राहील, असे आपण विचारले आहे आणि 'की त्यांना त्याची सवय झालेली असते?' अशी पुस्तीही जोडली आहे. त्या पुस्तीमुळेच हे लिहितो. भामरागड तालुक्यातील एका आश्रमशाळेत मी नऊ वर्षे गणित शिकवले आणि हेच वाक्य तिथे तपासणीसाठी आलेल्या एका अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकले.

त्या दिवशी साहेबांनी तिसरीतील एका मुलाला फळ्यापाशी बोलावून शाब्दिक उदाहरण घातले: घरी सहा पाहुणे जेवायला आले, प्रत्येकाने चार भाकऱ्या खाल्ल्या, तर एकूण किती? (तिकडे भाकरी कोण खाते, हा वेगळा मुद्दा.) मुलाने खडू खाली ठेवला आणि 'माहीत नाही' म्हणाला. साहेबांनी सोपे करून विचारले, 'बरं, तुमच्या घरी मागच्या सुट्टीत किती जण जेवायला आले होते?' आता तो माझ्याकडेही पाहीना; पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा राहिला. शेरा पडला: आकलन कमी. संध्याकाळी मी तेच आकडे ठेवून पाहुण्यांच्या जागी मोहाची झाडे आणि भाकऱ्यांच्या जागी टोपल्या घातल्या, तेव्हा वाक्य पुरे होण्याआधीच तो 'चोवीस' म्हणाला.

रात्री दलम, म्हणजे नक्षलवाद्यांची सशस्त्र तुकडी, गावात येऊन भात मागायची आणि सकाळी पोलीस येऊन कोण आले, किती होते, कोणी रांधले हे विचारायचे. सांगितले तर खबऱ्या ठरून जीव जाण्याची भीती, न सांगितले तर ठाण्याच्या खेपा. अशा घरात पाहुणे मोजायचे नाहीत, हे मूल पाढ्यांच्या आधी शिकते. याला सवय म्हणणे हा शुद्ध आळस आहे.

सावरतील का? चळवळ जिल्ह्यात १९८० च्या सुमारास आली, म्हणजे या मुलांचे आईबापही 'माहीत नाही' म्हणतच मोठे झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने शस्त्र खाली ठेवले, म्हणून घरातला हा धडा लगेच पुसला जाणार नाही. समुपदेशक पाठवण्याआधी माडिया ही तिथल्या आदिवासींची भाषा बोलणारे शिक्षक द्यावेत आणि मुलांच्या घरची माहिती काढण्याचे काम त्यांच्याकडे कधीही सोपवू नये, एवढे मला ठामपणे वाटते. अर्थात मी मानसतज्ज्ञ नाही आणि तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलांत मला हे फारसे दिसले नाही, हेही नमूद करतो.

तो शेरा बदलावा म्हणून मी लेखी खुलासा दिला होता. तो दप्तरी दाखल झाला, शेरा तसाच राहिला. मुलाला प्रश्नच कळला नव्हता, असे साहेब आजही म्हणत असतील, तर त्यांना सांगतो की त्या वर्गात प्रश्न कळलेला तो एकटाच होता. मलाही तो संध्याकाळपर्यंत कळला नव्हता.