सत्तर हजार जास्त नेमके कशाचे? जुन्या गाडीची सर्व्हिस हिस्टरी, वॉरंटी आणि तुमची एफडी

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मी खासगी रुग्णालयात परिचारिका आहे, मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतात. सासऱ्यांना दर महिन्याला तपासणीला न्यावं लागतं, माझं माहेर अक्कलकोटचं, म्हणून छोटी पेट्रोल गाडी घ्यायची आहे. दोन बघितल्या, दोन्ही मारुतीच्या आणि एकाच मॉडेलच्या. पहिली दिरांच्या मित्राची, फेब्रुवारी २०२१ ची, ३८ हजार किमी, ३ लाख ६० हजार. तिची कामं ओळखीच्या गॅरेजला झालीत, बिलं नाहीत. दुसरी डीलरकडची, जुलै २०२२ ची, ५१ हजार किमी, ४ लाख ३० हजार. तिची हिस्टरी आहे आणि वाढीव वॉरंटी जुलै २०२७ पर्यंत किंवा १ लाख किमीपर्यंत आहे असं डीलर म्हणतो. गाडीसाठी ४ लाख बाजूला काढलेत, शिवाय दीड लाखाची एफडी आहे. महिन्याला १५ हजार शिल्लक पडतात. नुसत्या कागदांसाठी ७० हजार जास्त द्यायचे का? आणि त्यासाठी एफडी मोडायची का?

उत्तर :

ताई, नमस्कार. दोन्ही गाड्यांचे फोटो आणि दुसरीच्या हिस्टरीची प्रिंट पाठवलीत हे फार बरं झालं, त्यामुळे हवेत बोलावं लागत नाही. आधी निकाल सांगते. दुसरी गाडी घ्या, पण ४ लाख १० हजारांच्या वर जाऊ नका. वॉरंटी चालू आहे आणि ती तुमच्या नावावर होईल, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी हातात येईपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका. एफडी मोडायची नाही.

आता सत्तर हजारांची फोड करू. दुसरी गाडी सतरा महिन्यांनी नवी आहे. या वयाच्या छोट्या गाडीची किंमत वर्षाला पंचवीस हजारांच्या आसपास उतरते असं धरलं, तर पस्तीसेक हजार तिथेच गेले. ते कागदाचे नव्हेत, वयाचे. ती तेरा हजार किलोमीटर जास्त चाललीय, म्हणजे त्या मानाने तिची किंमत कमी व्हायला हवी. उरलेली रक्कम हिस्टरी आणि सव्वा वर्षाच्या वॉरंटीची. त्या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर ही रक्कम अवाजवी नाही. पण दोन्ही तपासाव्या लागतील, कारण प्रिंटमध्ये मला एक भोक दिसतंय. त्याकडे येतेच.

पहिल्या गाडीबद्दल आधी बोलू, कारण तुमचं मन तिच्याकडे ओढ घेतंय. ओळखीची गाडी, सत्तर हजार वाचतात, माणूस घरातल्यासारखा. गॅरेजवाल्याने काम वाईट केलं असेल असं मी म्हणत नाही. बाहेरच्या गॅरेजला वेळच्या वेळी ऑइल बदललेली गाडी उत्तम असू शकते. अडचण अशी की ऑइल बदललं की नाही, कूलंट कधी भरलं, ब्रेक ऑइल बदललं का, हे सांगणारा कागद एकही नाही. आणि मीटरला दुसरा साक्षीदार नाही. कंपनीच्या सेंटरला गाडी गेली की दर वेळी तारीख आणि किलोमीटर सिस्टिममध्ये चढतात. मीटर मागे फिरवला तर तिथे तो उघडा पडतो.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत पुढच्या डाव्या टायरवर डॉट (DOT) या अक्षरांच्या पुढे ३४२३ हे आकडे दिसतात. म्हणजे तो टायर २०२३ सालच्या ३४ व्या आठवड्यात तयार झाला. चारही टायरांवरचे आकडे बघून घ्या. फेब्रुवारी २०२१ च्या गाडीचे चारही टायर २०२३ च्या शेवटाकडे बदलले असतील, तर तोवर गाडी किती चालली होती? छोट्या गाडीचे कंपनीचे टायर साधारण चाळीस हजार किमीपर्यंत सहज टिकतात. एखादा टायर खड्ड्यात फाटला म्हणून बदलला असेल तर प्रश्नच नाही. चारही बदललेले असतील तर ३८ हजारांचा आकडा मला पटत नाही. हा पुरावा नव्हे, पण विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. जोडीला क्लच आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर बघा, स्टिअरिंगची वरची बाजू गुळगुळीत झालीय का बघा.

यावर उपाय सोपा आहे. मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा आणि गाडीच्या नंबरवर काय नोंदी निघतात ते काढायला सांगा. माहिती मालकालाच देतात, म्हणून तो सोबत हवा. मारुतीच्या गाड्यांना १ हजार, ५ हजार आणि १० हजारांची सर्व्हिस फुकट असते, त्यामुळे निदान त्या तीन नोंदी सापडायला हव्यात. नंतर कधी अपघाताचं काम तिथे विम्यातून झालं असेल तर तेही निघेल. तुम्हाला वाटेल, ओळखीत असं मागणं बरं दिसत नाही. दिरांना पुढे करा आणि सरळ सांगा, की आम्ही दोन गाड्या बघतोय आणि दोन्हींच्या नोंदी काढतोय. स्वच्छ माणसाला यात राग येण्यासारखं काही नाही. आणि ओळखीत गाडी बिघडली तर तुम्हाला भांडताही येणार नाही, हेही आत्ताच लक्षात घ्या. स्वतःची गाडी विकणारी खासगी व्यक्ती धंदा म्हणून विकत नसते, त्यामुळे तिच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. डीलरविरुद्ध जाता येतं.

नोंदी निघाल्याच नाहीत तर पहिल्या गाडीच्या किमतीत माझ्या हिशोबाने ४० हजारांचा राखीव खर्च धरा. सगळी ऑइलं, कूलंट, फिल्टर पहिल्याच आठवड्यात बदलायचे आणि उरलेले पैसे क्लच, सस्पेन्शन, एसीसाठी ठेवायचे. म्हणजे ती गाडी ३ लाख ६० हजारांची नाही, ४ लाखांची. तुमचे सत्तर हजार इथे तीस हजारांवर येतात, आणि तरीही मीटरची शंका उरतेच.

आता दुसरीची प्रिंट. सप्टेंबर २०२४ ला ३०,११० किमीवर सर्व्हिस झालीय. मार्च २०२५ ला ३६,९०० वर बॉडीशॉपची नोंद आहे : पुढचा बंपर आणि उजवं फेंडर (चाकावरचा पत्रा), विम्यातून. त्यानंतरची सर्व्हिस थेट डिसेंबर २०२५ ची, ४६,३८० वर. किलोमीटर सगळीकडे सरळ चढत गेलेत, त्यामुळे मीटर खरा दिसतो. पण सर्व्हिस दर १० हजार किमीला किंवा वर्षाला करायची असते, आणि इथे मधली एक चुकलीय. गाडी बॉडीशॉपला गेली होती, तरी बंपर रंगवणं म्हणजे सर्व्हिस नव्हे.

हे इतकं का लावून धरतेय? वाढीव वॉरंटीची मुख्य अटच वेळच्या वेळी अधिकृत सर्व्हिस ही असते. उद्या इंजिनात काही निघालं आणि तुम्ही दावा केला, तर समोरचा हीच प्रिंट काढून चाळीस हजार किमीच्या चुकलेल्या सर्व्हिसकडे बोट दाखवू शकतो. म्हणून डीलरचं ‘वॉरंटी आहे ना मॅडम’ पुरेसं नाही. सेंटरला हे तीन प्रश्न लेखी विचारा, ईमेलवर विचारलं तरी चालेल : या चेसिस नंबरवर वाढीव वॉरंटी आज चालू आहे का, चुकलेल्या सर्व्हिसमुळे ती बाद होते का, आणि मालक बदलल्यावर ती नव्या नावावर करायला काय लागतं.

वॉरंटी पहिल्या मालकाने गाडी घेतली त्या तारखेपासून मोजतात, तुमच्या खरेदीपासून नाही. मारुतीने जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांना ३ वर्षं किंवा १ लाख किमीची मूळ वॉरंटी सुरू केली. ही गाडी त्याआधीची, तिला मूळ वॉरंटी २ वर्षं किंवा ४० हजार किमीचीच होती आणि ती केव्हाच संपली. म्हणजे आज सगळा भार पहिल्या मालकाने पैसे भरून घेतलेल्या वाढीव वॉरंटीवर आहे. त्याचं प्रमाणपत्र मागा. डीलर स्वतःची ‘सहा महिन्यांची वॉरंटी’ देत असेल तर ती वेगळी चीज आहे. अशा कागदात बहुधा फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स असतो, तोही रकमेच्या मर्यादेत. दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका.

वॉरंटी खरी निघाली तरी क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, वायपर तिच्यात येत नाहीत. ५१ हजारांच्या गाडीला शहरातल्या गर्दीत क्लचचा खर्च जवळ आलेला असू शकतो. बाहेरून सीएनजी किट बसवलं किंवा वायरिंग कापून काही जोडलं, तर दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. पाण्यात बुडालेल्या गाडीचं नुकसानही वॉरंटीत बसत नाही. आपल्याकडे हा मुद्दा आत्ता फार महत्त्वाचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने माढा, मोहोळ भागात काय केलं ते आपण पाहिलंय. त्या पाण्यात सापडलेली गाडी धुऊन-पुसून बाजारात आली तर वरून ओळखू येत नाही. म्हणून दोन्ही गाड्यांचे सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून गाळाची रेघ दिसते का बघा, पायाखालची मॅट उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. दुसऱ्या गाडीच्या फेंडरचं काम झालंय, तर बॉनेट उघडून एप्रनला (फेंडरच्या आतल्या पत्र्याला) नवं वेल्डिंग दिसतं का हे तुमच्या मेकॅनिकला बघू द्या. गाडी सकाळी, इंजिन गार असताना चालू करून घ्या. एसी मात्र दुपारी तपासा, सोलापूरच्या एप्रिलमधल्या दुपारी कमजोर एसी लगेच कळतो.

किंमत कमी करायला तुमच्याकडे दोन भक्कम मुद्दे आहेत. एक म्हणजे चुकलेली सर्व्हिस. दुसरा, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. शोरूममधून याच मॉडेलचं आजचं कोटेशन घेऊन जा आणि डीलरसमोर ठेवा. नवी गाडी स्वस्त झाल्यावर जुनीचा भाव तिथेच थांबून कसा चालेल?

४ लाख १० हजारांत सौदा झाला तर वर विमा १५ हजार, नावावर करण्याचा खर्च ३ हजार आणि पहिली सर्व्हिस ७ हजार धरा. एकूण ४ लाख ३५ हजार. तुमच्याकडे चार लाख आहेत, कमी पडतात ३५ हजार. त्यासाठी एफडी मोडली तर मुदतीआधी काढल्याचा व्याजातला दंड बसेल, आणि मोडलेली एफडी पुन्हा भरली जात नाही हे मी घरोघरी बघते. सासऱ्यांच्या तब्येतीकडे बघता तो दीड लाख हलवायचाच नाही. बँकेतून एफडीवर ३५ हजारांचं कर्ज घ्या. त्याचा दर एफडीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त, जुन्या गाडीच्या कर्जापेक्षा बराच कमी. महिन्याची १५ हजारांची शिल्लक तिकडे वळवलीत तर तीन महिन्यांत फिटतं. तीन महिने थांबून पैसे जमवावेत असंही वाटेल, पण वॉरंटीचे पंधरा महिने त्यात बाराच उरतील.

पैसे बँकेतूनच द्या. कुणालाही एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे, ‘थोडे रोख द्या’ म्हणाले तरी नाही म्हणा. त्याआधी एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून कितवा मालक, बँकेचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत आहे हे बघा. बोजा असेल तर तो उतरवायला बँकेचं ना हरकत आणि फॉर्म ३५ लागेल. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावर पावती तुमच्याकडे ठेवा. कुणी विजयपूर-कलबुर्गीची केए (कर्नाटक) पासिंगची स्वस्त गाडी सुचवली तर त्यात तिकडची एनओसी (ना हरकत) आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स यांचा खर्च धरून मगच तुलना करा.

विम्याबाबत डीलर म्हणेल, ‘नोव्हेंबरपर्यंत आहे, काळजी नको.’ थर्ड पार्टीचा भाग कायद्यानेच तुमच्याकडे येतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र आपोआप येत नाही, त्यासाठी १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याकडेच राहतो, त्याचा फरक तुम्ही भरायचा. १५ हजारांत हे बसतं.

सेंटरने वॉरंटी बाद झाली असं कळवलं, तर ही नुसती चांगल्या नोंदींची गाडी उरते. मग ३ लाख ८५ हजारांच्या वर जायचं नाही. डीलर तिथे येत नसेल तर सोडून द्या आणि याच मॉडेलची तिसरी गाडी शोधा. पहिल्या गाडीकडे परत वळायचं असेल तर आधी चारही टायरांवरचे आकडे आणि सेंटरच्या नोंदी मला पाठवा.